'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' : ही परीक्षा नेमकी कुठली?

संडेस्कूलमध्ये असताना मार्च महिना उजाडला की आम्ही पोरं येशूने शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' जरा जास्तच जोरात म्हणायचो. 'आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस' ही ओळ आली की आवाज आपोआप चढायचा. गणिताचा पेपर तोंडावर आलेल्या मुलाला याहून कामाची ओळ अख्ख्या पवित्र शास्त्रात दुसरी कुठली सापडणार? आमच्या बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "अरे, ही ती परीक्षा नव्हे." मग कुठली, तेही त्यांनी सांगितलं असणारच. माझ्या डोक्यात ते शिरायला मात्र पुढची वीसेक वर्षं गेली.

गोंधळ शब्दातच आहे. ही प्रार्थना बायबलच्या उत्तरार्धात, म्हणजे नव्या करारात येते. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि तिथे या जागी 'पेइरास्मोस' असा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात, एक पारख आणि दुसरा मोह. सोनार सोनं कसोटीवर घासून बघतो, ती पारख. किराणा दुकानदाराने घाईत शंभराची नोट जास्त परत दिली आणि आपण ती मुठीत धरून दोन पावलं दुकानाबाहेर पडलो, की जे सुरू होतं तो मोह. मराठी भाषांतरात बहुतेक ठिकाणी 'परीक्षा' हा शब्द आला. तो चुकीचा नाही, फक्त अर्धा आहे. नोट एकच असते. माणूस घडावा म्हणून ती घटना समोर आली असेल तर ती परीक्षा, माणूस घसरावा म्हणून आली असेल तर तो मोह. बायबलमध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की पुष्कळदा ते वेगळे काढताच येत नाहीत.

मग देवच आपल्याला मोहात लोटतो का? प्रार्थनेची ओळ वाचून तसं वाटू शकतं. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात याचं उत्तर रोखठोक आहे. देव कोणालाही मोहात पाडत नाही, 'देवाने मला मोहात घातलं' असं कोणी म्हणू नये (याकोब १:१३). तरी ओळ खटकायची ती खटकतेच. फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चने २०१७च्या डिसेंबरपासून ती बदलून 'आम्हांला मोहात शिरू देऊ नकोस' अशा अर्थाची केली. त्याच सुमारास पोप फ्रान्सिस यांनीही इटालियन टीव्हीवर सांगितलं की मूल कसं पडतं हे पाहायला बाप त्याला ढकलत नाही, तो पडलेल्याला उचलतो. २०२०मध्ये इटलीच्या मिस्साग्रंथातही, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या पुस्तकातही, ही ओळ बदलली. दोन हजार वर्षं रोज म्हटली जाणारी प्रार्थना, आणि तिच्या एका क्रियापदावर अजून खल चालतो, याचं मला तरी बरंच वाटतं. लोक ती नुसती पुटपुटत नाहीत, असा त्याचा अर्थ.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावाचून बाकीचं सगळं उलटंपालटं होतं. मोह होणं म्हणजे पाप नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूविषयी म्हटलं आहे की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (४:१५). म्हणजे मोह त्यालाही झाला. मनात वाईट विचार आला एवढ्यावरून स्वतःला कोसणारी कितीतरी श्रद्धाळू माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या दुःखाचं कारण बऱ्याचदा हा एवढाच गैरसमज असतो.

गळ आणि गोळी

मग मोहाचं पाप होतं कधी? याकोब त्याच उताऱ्यात पुढे सांगतो की प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. इथल्या 'भुलवणे' या क्रियापदाचा ग्रीकमधला मूळ अर्थ आमिष लावणं असा आहे, मासे धरणाऱ्यांचा शब्द. आपल्याकडे 'आमिष' म्हणजे मुळात मांस. गळाला लावायचं तेही आमिष आणि माणसाला दाखवायचं तेही आमिष.

माझे मामा प्रवरेच्या काठी तासन्‌तास गळ टाकून बसायचे. कणीक तिंबून तिच्या बोराएवढ्या गोळ्या करायचे, गळाचं टोक पूर्ण झाकेल अशी एक गोळी बसवायचे आणि सूत पाण्यात सोडायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, मासे किती मूर्ख असतात!" ते म्हणाले, "मूर्ख कसले? त्याला गळ दिसतच नाही, गोळी दिसते. आणि भूक तर त्याचीच असते ना." मग पुढे म्हणाले, "मरळ या गोळीला तोंडपण लावणार नाही. तिला बेडकी लागते."

याकोबाचं म्हणणं याहून निराळं नाही. गळ बाहेरचा असला तरी भूक आतली असते आणि ज्याची त्याची वेगळी असते. एकाला दारूच्या दुकानावरून जाताना काही होत नाही, पण कोणी चारचौघांत कौतुक केलं की तो विरघळतो. दुसऱ्याला पैशाची हाव नसते, राग मात्र आवरत नाही. म्हणून 'मोह टाळा' हा सरसकट उपदेश फारसा कामाचा नाही. आपण मरळ आहोत की रोहू, हे आधी कळायला हवं.

बागेतली चर्चा, रानातलं उत्तर

बायबलमध्ये मोहाची दोन मोठी दृश्यं आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली की पुष्कळ उलगडा होतो.

पहिलं उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येतं. सर्प येतो तो थेट 'फळ खा' म्हणत नाही. तो प्रश्न विचारतो : बागेतल्या कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका, असं देवाने खरंच सांगितलंय का? प्रश्न मुद्दाम वाकडा आहे, कारण देवाने एकच झाड वगळलं होतं. हव्वा त्याला दुरुस्त करायला जाते आणि तिथेच अडकते. दुरुस्त करताना ती पदरचं एक वाक्यही घालते, की आम्ही त्या झाडाला स्पर्शदेखील करायचा नाही. आदामाला दिलेल्या आज्ञेत स्पर्शाचा उल्लेख नाही. मनाई थोडी फुगवून सांगितली की ती जाचक वाटू लागते, आणि जाचक वाटलेली गोष्ट झुगारणं सोपं जातं. मग संभाषण वाढतं, आणि फळ खायला चांगलं, दिसायला सुरेख आणि शहाणपण देणारं दिसू लागतं. झाड कालचंच असतं.

दुसरं दृश्य मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. येशूचा बाप्तिस्मा नुकताच झालाय आणि तो यहूदीयाच्या ओसाड रानात चाळीस दिवस उपाशी आहे. (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये हाच प्रसंग वाचला जातो, तो यासाठीच.) सैतान तीन गोष्टी सुचवतो आणि येशू तिन्ही वेळा 'असा शास्त्रलेख आहे' म्हणून एकेका वाक्यात उत्तर देतो. तिन्ही वाक्यं अनुवाद या पुस्तकातली, तीही सहाव्या आणि आठव्या अध्यायातलीच. हा योगायोग नव्हे.

अनुवाद म्हणजे मोशेचं निरोपाचं भाषण. मिसरातून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकले, तिथे भुकेने कुरकुरले, पाण्यासाठी भांडले आणि सोन्याचं वासरू करून त्याच्या पायाही पडले. आता यार्देन ओलांडायच्या आधी मोशे त्यांना ते सगळं आठवून देतो आहे. येशू जी वाक्यं उचलतो ती अगदी नेमकी आहेत. 'दगडांच्या भाकरी कर' याला उत्तर मान्न्याच्या, म्हणजे रानात देवाने पुरवलेल्या अन्नाच्या, प्रसंगावरचं आहे : मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, तर देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो. 'मंदिराच्या टोकावरून उडी टाक' याला उत्तर मस्सा इथल्या भांडणावरचं आहे. तिथे लोकांनी पाण्यावरून 'परमेश्वर आमच्यात आहे की नाही' असं म्हणून देवालाच कसोटीला लावलं होतं. 'मला नमन कर, सगळी राज्यं तुझी' याला उत्तर एकट्या परमेश्वराच्या उपासनेचं आहे. जिथे अख्खं राष्ट्र चाळीस वर्षांत नापास झालं, त्याच तीन प्रश्नांना येशू चाळीस दिवसांनी उभा राहतो. माझ्या लहानपणीचा 'परीक्षा' शब्द इथे मात्र चपखल बसतो.

आता या गोष्टीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा. शास्त्रवचन सैतानालाही पाठ आहे. दुसऱ्या मोहाच्या वेळी तो ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो : देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलून धरतील. हेच स्तोत्र आमच्या घराच्या दारावर चौकटीत लावलेलं आहे, आणि बऱ्याच ख्रिस्ती घरांत असतं. सैतान अकरावी-बारावी ओवी म्हणतो आणि थांबतो. तेराव्या ओवीत सिंह आणि साप पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे. ती म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं.

म्हणजे वचन हा ताईत नव्हे. ते तोडून, मागचं-पुढचं कापून वापरता येतं आणि तसं वापरलं की मोहाच्याच बाजूने उभं राहतं. 'देव क्षमाशील आहे' हे वचन किती पापांच्या आधी म्हटलं जातं ते आठवून पाहा. येशू दुसऱ्या वचनाने पहिलं वचन खोडत नाही, त्याला त्याच्या जागेवर ठेवतो. रक्षणाचं आश्वासन उडी मारून पाहण्यासाठी दिलेलं नाही, एवढंच तो सांगतो. त्यासाठी वचन पाठ असून भागत नाही, ते कुठून आलं हेही ठाऊक असावं लागतं.

हीच गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातही आहे. तिथे तो शेवटी एक वाक्य टाकतो, की सैतान येशूला संधी मिळेपर्यंत सोडून गेला. कायमचा नव्हे.

एका पळून आलेल्या माणसाची वही

'मोहाशी वाद घालू नका, त्याला उत्तर द्या' ही गोष्ट पद्धतशीर मांडणारा माणूस चौथ्या शतकातला. त्याचं नाव एवाग्रियस. जन्म आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागातल्या पोंतस प्रांतात, मृत्यू ३९९मध्ये इजिप्तच्या वाळवंटात. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो डीकन, म्हणजे चर्चचा सेवक-अधिकारी होता, विद्वान आणि नावाजलेला. तिथे एका मोठ्या घरातल्या विवाहितेवर त्याचं मन बसलं आणि प्रकरण हाताबाहेर जायच्या आत तो शहर सोडून जेरुसलेमला पळाला. पुढे इजिप्तला जाऊन झोपडीत राहणाऱ्या साधूंपैकी एक झाला. मोहाविषयी लिहिणारा हा माणूस मोहातून पळून आलेला होता, म्हणून त्याचं लिखाण मला पटतं.

त्याने मनात येणाऱ्या घातक विचारांचे आठ प्रकार केले : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हौस आणि गर्व. पुढे पश्चिमेकडे ज्यांना सात महापापं म्हणू लागले, त्यांचं मूळ या यादीत आहे. या प्रत्येकाचं वर्णन तो इतकं बारकाईने करतो की हसू येतं. खादाडपणाचा विचार साधूला पक्वान्नं दाखवत नाही. तो म्हणतो, उपासाने तुझं पोट बिघडेल, यकृत जाईल, लांबलचक आजारपण येईल आणि इथे वैद्यसुद्धा नाही! काळजीचा बुरखा घेऊन आलेली भूक. कंटाळ्याचा विचार दुपारी येतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो की तीन वाजायला किती अवकाश आहे. ऑफिसात दुपारी विनाकारण मोबाइल उचलणाऱ्याला हे परकं वाटणार नाही.

मग एवाग्रियस कळीचं वाक्य लिहितो. त्याचा आशय असा, की हे विचार यावेत की न यावेत हे आपल्या हातात नाही, ते मुक्कामाला राहावेत की नाही हे आपल्या हातात आहे. जवळपास त्याच काळात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने याच्या तीन पायऱ्या केल्या : सूचना, गोडी, संमती. सूचना आली, त्यात काही नाही. ती मनात घोळवण्यात गोडी वाटू लागली, इथे सावध व्हायचं. संमती दिली, ते पाप. लढाई होते ती दुसऱ्या पायरीवर.

आणि दुसऱ्या पायरीवर माणसाला सुचत काही नसतं. म्हणून एवाग्रियसने एक वही केली. आठ विचारांची आठ प्रकरणं, आणि त्यांत 'अमुक म्हणणाऱ्या विचाराला' असं लिहून पुढे बायबलमधलं उत्तर. अशी जवळजवळ पाचशे वचनं. गरज पडेल तेव्हा शोधत बसायचं नाही, आधीच काढून ठेवायचं.

हे आजही करता येतं, आणि पाचशे वचनं लागत नाहीत. माझी चार आहेत. त्यातलं एक नीतिसूत्रांतलं : मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते. मागच्या वर्षी भावकीच्या जमिनीवरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. रात्रीचे साडेअकरा. एका चुलतभावाने माझ्या वडिलांविषयी एक वाक्य टाकलं. मी उत्तर टाइप केलं, चांगलं अकरा ओळींचं, एकेक शब्द सहाणेवर घासलेला. बाणाच्या खुणेवर अंगठा नेला आणि ते वचन आठवलं. खरं सांगायचं तर राग तसूभरही कमी झाला नाही. पण अंगठा थांबला, आणि त्या चार-पाच सेकंदांत मी उठून मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि दार ओढून घेतलं. वचनाने एवढंच काम केलं. सकाळी त्या अकरा ओळी वाचून मलाच घाम फुटला.

वचन आपल्या बोलीत असावं, हेही इथेच सांगतो. ज्या भाषेत आपल्याला राग येतो त्या भाषेतच उत्तर यायला हवं. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ती साध्यासुध्या बायकांनाही कळावं म्हणून.

पळणं हीसुद्धा युक्ती आहे

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं हे लढणं की पळणं? बायबलला पळण्याची लाज वाटत नाही. सैतानाला अडवा म्हणजे तो पळेल, असं याकोब म्हणतो. पण जारकर्माविषयी बोलताना प्रेषित पौल सांगतो की तुम्हीच पळा. मिसरात गुलाम असलेल्या योसेफाला त्याच्या धन्याच्या, पोटीफराच्या बायकोने आपल्याशी संग करावा म्हणून रोज गळ घातली. पहिल्यांदा त्याने समजावून नकार दिला, पण ज्या दिवशी तिने वस्त्र धरलं त्या दिवशी तो वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर धावला. बक्षीस म्हणून त्याला तुरुंग मिळाला, हे मात्र उपदेशात सहसा कोणी सांगत नाही. उलट दावीद राजा : राजे लढाईवर जातात त्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी अंथरुणावरून उठून गच्चीवर फिरू लागला आणि खाली त्याला दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली. घसरण नजरेपासून सुरू झाली असं आपण म्हणतो. मला वाटतं ती रिकाम्या दुपारीच सुरू झाली होती.

आणखी एक, गुपित फोडणं. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी मोह घालणाऱ्याची तुलना चोरून प्रेम करणाऱ्या लबाड माणसाशी केली आहे. आपलं बोलणं पोरीने बापाला सांगू नये, एवढीच त्याची इच्छा असते. सांगितलं की त्याचा डाव संपला. कॅथलिकांच्या पापनिवेदनामागे हा अनुभव आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ १९३५मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या सदस्यांना याकोबाचं पत्र फार जवळचं वाटायचं. 'एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा' हे त्यातलंच. दारू सोडायची असेल तर वचन पाठ करा आणि डॉक्टरकडेही जा. यातलं एक केलं म्हणजे दुसऱ्याची गरज नाही, असं सांगणाऱ्या पाळकापासून जरा लांबच राहा.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं एक वचन (१०:१३) या बाबतीत नेहमी ऐकू येतं. देव तुमच्या शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही, परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. हे वचन मयताच्या घरी म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पौल तिथे दुःखाविषयी बोलत नाही. मूर्तींच्या मेजवान्यांना जावं की नाही, या करिंथातल्या घोळाविषयी तो बोलतो आहे, आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो की मूर्तिपूजेपासून दूर पळा. शिवाय तो 'तू' म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणतो, सगळ्या मंडळीला. बाहेर पडायची वाट बऱ्याचदा शेजारी बसलेल्या माणसाच्या रूपात असते.

आणि हे सगळं करूनही माणूस पडला तर? गेथशेमाने बागेत येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला बजावलं होतं की परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहा. पेत्र झोपला. त्याच रात्री येशूला पकडून नेल्यावर महायाजकाच्या अंगणात थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता, आणि तिथे शेकत उभं राहून पेत्राने तीनदा सांगितलं की मी त्याला ओळखत नाही. नव्या करारात 'कोळशांचा विस्तव' यासाठीचा तो ग्रीक शब्द दोनदाच येतो. दुसऱ्यांदा येतो तो योहानच्या एकविसाव्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राकाठी. पहाट झाली आहे, रात्रभर जाळं टाकून पेत्राला काहीच मिळालं नव्हतं. किनाऱ्यावर येशूने कोळसे पेटवले आहेत, त्यावर मासळी ठेवली आहे, शेजारी भाकर आहे. तो पेत्राला 'माझ्यावर प्रेम करतोस का' हा एकच प्रश्न तीनदा विचारणार आहे, पण आधी म्हणतो, "या, न्याहारी करा."